बेलच्याची जन्मतारीख

सरळ मुद्द्यावर येतो. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाड्या जपणाऱ्या मंडळींनी एक घोळ घालून ठेवला आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांचे दोस्त. मी त्या गोटातला नाही. कधीमधी त्यांच्या मेळाव्यांना जातो, फुकटची कॉफी पितो, आणि माझी पीएचडी लोखंडाच्या गंजण्यावर असल्यामुळे कुणी काही विचारलं तर सांगतो. (माणूस गंजावर पोट भरू शकतो यावर आमच्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही. असो.)

घोळ असा: जीपवरचा लष्करी बेलचा ओळखायचा म्हणजे त्याच्यावरचा शिक्का वाचायचा, असं इथे ठरून गेलंय. ‘यूएस’ आणि ‘१९४३’ असं ठोकलेलं दिसलं की बेलचा खरा. नाही दिसलं की भंगार. या एका समजुतीपायी खोट्या शिक्क्यांचा धंदा उभा राहिलाय, आणि खरे, वापरलेले, युद्ध पाहिलेले बेलचे कचऱ्यात जातायत किंवा वाळूच्या माऱ्याखाली घासून गुळगुळीत होतायत. माझं म्हणणं असं की शिक्का हा ओळखीचा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. आणि ज्यांना तो सगळ्यात पक्का वाटतो, ते इतिहास जपत नाहीत, पुसतात.

आधी शब्दाचं बघू. ‘शॉव्हेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फावडं येतं. पण हे फावडं नव्हे. फावड्याचं पातं दांड्याशी कोनात वळलेलं, ते आपण स्वतःकडे ओढतो. इथलं हत्यार दांड्याच्या रेषेत असतं. ते पुढे खुपसायचं, उचलायचं आणि फेकायचं. आपल्याकडे वाफेच्या इंजिनावर फायरमन ज्याने कोळसा टाकायचा तो बेलचा. म्हणून इथून पुढे मी बेलचाच म्हणणार.

आता जीप. विलीज कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू, या दोन मिळून १९४१ ते १९४५ या काळात सव्वासहा लाखांच्या वर गाड्या बनल्या. ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीच्या डाव्या अंगाला, एक कुऱ्हाड आणि एक बेलचा पट्ट्यांनी बांधलेला असे. त्यासाठी पत्र्यात खोबणी पाडलेल्या होत्या. कारण उघड आहे. गाडी चिखलात रुतली की चाकाखालची माती उपसायला आणि रस्त्यातला खड्डा बुजवायला बेलचा, आणि चाकाखाली घालायला फांद्या तोडायच्या तर कुऱ्हाड. ही हत्यारं गाडीचा इतका भाग होती की १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली, सीजे-२ए, तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांच्या पत्र्यावर त्या खोबणी तशाच राहिल्या होत्या. युद्ध संपलं, हत्यारं गेली, पण साचा तोच होता.

हा गाडीचा बेलचा म्हणजे पूर्ण आकाराचा, टोकदार गोल पात्याचा, आणि दांड्याच्या शेवटी इंग्रजी ‘डी’सारखी मूठ असलेला. मेळाव्यात निम्मे हौशी लोक इथेच पहिली गडबड करतात. ते जीपला घडीचा बेलचा लटकवतात, एम-१९४३ नावाचा. तो मुळात गाडीचा नव्हेच. तो सैनिकाच्या स्वतःच्या सामानातला, पट्ट्याला किंवा पाठपिशवीला अडकवायचा. त्याच्याआधी सैनिकाकडे ‘टी’ आकाराच्या मुठीचा छोटा एम-१९१० असायचा. मग अमेरिकनांनी जर्मनांचा १९३८ सालचा घडीचा बेलचा पाहिला आणि त्या धर्तीवर आपला केला. पडल्यापडल्या स्वतःपुरता खड्डा खणायला तो उत्तम, पण त्याने जीप चिखलातून काढायला जाल तर संध्याकाळ होईल. तरीही लोक तो लावतात, कारण त्याच्यावर बहुधा ठळक शिक्का असतो: देश, कारखाना, वर्ष. शिक्क्याचा मोह हा असा. हत्यार चुकीचं चालेल, पण लिहिलेलं पाहिजे.

आता खरी गंमत ऐका. अमेरिकन लष्कराची सगळी धडपड होती ती गाड्या एकसारख्या असाव्यात म्हणून. फोर्डच्या जीपचं नावच बघा. जीपीडब्ल्यूमधला शेवटचा डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. प्रतिस्पर्धी कंपनीचं डिझाइन फोर्डने जसंच्या तसं बनवायचं, का, तर आघाडीवर एका गाडीचा भाग दुसरीला बसला पाहिजे. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर ‘विलीज’ किंवा ‘फोर्ड’ असं मोठ्या अक्षरांत उमटवलेलं असे. १९४२ मध्ये तेही बंद झालं. कंपनीची जाहिरात लष्कराला नको होती. फोर्डवाल्यांनी मात्र आपण बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपला ‘एफ’ उमटवणं चालू ठेवलं.

आज ऐंशी वर्षांनंतर आमचे हौशी काय करतात? फोर्डच्या जीपला एकही बिनएफचा बोल्ट लागू देत नाहीत. म्हणजे ज्या गाडीचं मोठेपणच हे होतं की कुठलाही बोल्ट कुठेही चालेल, ती गाडी ‘शुद्ध’ करण्यासाठी शनिवार-रविवार बोल्ट शोधत हिंडायचं. आपल्याकडच्या सोवळ्याची आठवण होते. आमच्या आजीचं सोवळं निदान स्वयंपाकघरापुरतं होतं, यांचं नटबोल्टपर्यंत पोचलंय.

बेलच्याला तर हे सोवळं अजिबातच लागू पडत नाही. बोल्ट निदान गाडीच्या कारखान्यात तरी बसवला जातो. बेलचा बनतो बेलच्याच्या कारखान्यात. लष्कर माप आणि दर्जा ठरवून देई आणि अनेक कारखान्यांकडून माल घेई. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ईस्टन गावातून वाढलेली एम्स कंपनी, ओहायोमधल्या पिक्वा गावची वूड कंपनी, आणि आणखी बरेच. काहींच्या मालावर नुसतं ‘यूएस’, काहींच्या कारखान्याचं नाव, काहींवर वर्षही, काहींवर काहीच नाही. शिवाय बेलचा ही झिजणारी, मोडणारी, हरवणारी आणि (सैन्यात विशेषतः) चोरीला जाणारी वस्तू. दांडा मोडला की दुसरा बेलचा. शेजारच्या तुकडीचा मिळाला तर तो. तेव्हा ‘माझ्या १९४३च्या जीपला १९४३चाच बेलचा हवा’ या हट्टाला काय अर्थ? १९४३च्या जीपवर १९४४च्या हिवाळ्यात १९४२चा बेलचा असणं ही अगदी रोजची गोष्ट. किंबहुना सगळ्या वर्षांचे आकडे जुळणारी गाडी दिसली की माझ्या मनात पहिल्यांदा शंका येते.

आपल्याकडच्या वाचकांना हे एका उदाहरणाने लगेच कळेल. तुमच्या आजोबांची जन्मतारीख आठवा. १ जून. शेजारच्या काकांची? १ जून. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तीच तारीख लिहिली. दाखल्यावर शिक्का आहे, सही आहे, सगळं रीतसर आहे. पण आजोबांचं खरं वय काढायचं असेल तर दाखला बघत नाहीत. कुठल्या साथीच्या वेळी रांगत होते, कुठल्या दुष्काळात बैल विकले तेव्हा किती कळत होतं, हे विचारतात. अंगावरच्या खुणा, आठवणी, नाती यांवरून वय काढतात. बेलच्याचंही तेच करायला हवं. आणि खरा शिक्कासुद्धा सांगतो ती फक्त जन्मतारीख. नोकरी कुठे केली, कुणाच्या हाताखाली केली, हे त्यावर नसतं.

पण शिक्क्याला पैसे आहेत. साध्या जुन्या बेलच्याच्या कित्येक पट किंमत ‘यूएस १९४३’ असलेल्या बेलच्याला येते. मग बाजाराने जे करायचं तेच केलं. कुठल्यातरी शेतावरचा, त्याच घाटाचा जुना बेलचा घ्यायचा, हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणायचे आणि हातोडीने वर्ष ठोकायचं. दोन मिनिटांचं काम.

इथे सुट्या भागांचे बाजार भरतात, पुण्याच्या जुन्या बाजारासारखेच, फक्त घासाघीस जरा हळू आवाजात. अशाच एका बाजारात एका गृहस्थांनी मला मोठ्या अभिमानाने एक बेलचा दाखवला. पात्यावर ‘यूएस’ आणि खाली १९४३. मी खिशातलं दहापट भिंग काढलं. पातं गंजाच्या बारीक खड्ड्यांनी भरलेलं होतं, पण अक्षरांच्या तळाशी खड्डे दबून सपाट झालेले. अक्षरांच्या कडा वर उचललेल्या, धारदार, बोटाला लागतील अशा. ‘१’ आणि ‘९’ एका रेषेत नव्हते, ‘३’ जास्त खोल गेलेला. पात्याच्या मागच्या बाजूला प्रत्येक अक्षराचा उंचवटा आलेला. मी म्हटलं, “गंज आधी आलाय आणि शिक्का नंतर.” ते म्हणाले, “मला तो असाच मिळाला.” शक्य आहे. पण किंमत मात्र त्यांनी शिक्क्याचीच लावली होती.

हे ओळखायला पीएचडी लागत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कारखान्यातला शिक्का बहुधा एकसंध ठशाने, एका दाबात उमटतो, म्हणून अक्षरं एका ओळीत आणि सारख्या खोलीची असतात. त्यानंतर ऐंशी वर्षं गंज येतो, तो अक्षराच्या आत आणि बाहेर सारखाच येतो. अक्षराच्या तळालाही खड्डे पडतात, कडा झिजून बोथट होतात. उलट, आधीच गंजलेल्या पात्यावर आज पंच ठोकला तर तो खड्डे चेपतो आणि आजूबाजूचं लोखंड वर ढकलतो. लोखंडाला खोटं बोलता येत नाही. एवढंच, की त्याला विचारावं लागतं.

शिक्का नसेल तरी विचारण्यासारखं खूप असतं. पहिलं म्हणजे साठ्याचा नंबर. अमेरिकन सरकारने १९५२ मध्ये कायदा करून सगळ्या सरकारी मालाला एकच क्रमांकपद्धत लावायचं ठरवलं. त्यातून अकरा आकडी नंबर आले. १९७४ मध्ये मध्ये दोन आकडी देशक्रमांक घालून ते तेरा आकडी झाले. हातहत्यारांचा वर्ग ५१२०. तेव्हा बेलच्याच्या दांड्यावर ५१२०ने सुरू होणारा अकरा आकडी नंबर दिसला तर तो छाप महायुद्धाच्या काळातला नाही, आणि तेरा आकडी दिसला तर १९७४च्या आधीचा नाही. मग विकणाऱ्याने नॉर्मंडीची कितीही रसाळ कथा सांगो. शिक्क्याच्या आकड्यांपेक्षा हे आकडे कामाचे, कारण त्यांना भाव नाही आणि म्हणून ते कुणी खोटे ठोकत नाही.

दुसरं म्हणजे ‘नियम’ म्हणून फिरणाऱ्या अफवा. ‘चार खाचांचा फिलिप्स स्क्रू दिसला की समजा नंतरची डागडुजी,’ हा असाच एक. कॅडिलॅक गाड्यांमध्ये फिलिप्स स्क्रू १९३६ मध्येच आले होते. युद्धात ते आले तर नवल नाही. एका स्क्रूवरून निकाल देणारा माणूस एका शितावरून सगळ्या गावाच्या भाताची परीक्षा करतो.

तिसरं, रंग. युद्धकाळातला ऑलिव्ह रंग मुद्दाम बिनचमकीचा असे, विमानातून चमक दिसू नये म्हणून. युद्धानंतरच्या वर्षांत जरा चमक असलेला रंग आला. जुन्या बेलच्यावर हे थर एकावर एक बसलेले असतात. लाकडावरच्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा घेऊन तो राळेत बसवला, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थर मोजता येतात, झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे. सगळ्यात तळाला बिनचमकीचा ऑलिव्ह, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा ऑलिव्ह, त्यावर कुठल्या शेतकऱ्याचा लाल. ही त्या बेलच्याची नोकरीची फाइल. एकाही शिक्क्यात एवढं लिहिलेलं नसतं.

चौथं, लाकूड. अॅशच्या लाकडाची मूठ जिथे रोज हात पडला तिथे काचेसारखी गुळगुळीत होते आणि बाकी दांडा खडबडीत राहतो. दांडा वाळून आकसतो, पण लोखंड आकसत नाही, त्यामुळे पात्याच्या नळीपाशी बारीक फट पडते आणि लोखंडाचा काळा डाग लाकडात उतरतो. आणि पाचवं, झीज. माणूस दिवसभर एकाच बाजूने खुपसतो, एकाच बाजूने फेकतो. त्यामुळे पात्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा जास्त झिजतो. असा तिरका झिजलेला बेलचा पाहिला की मला तो हातात धरणारा माणूस उभा दिसतो, आणि आमचे हौशी म्हणतात, “पातं वाकडं आहे, नको.”

आणि अशा मालाचं पुढे होतं काय? वाळूचा मारा. दाबाच्या हवेने वाळू किंवा काचेची भुकटी मारायची, रंग, गंज, डाग सगळं दहा मिनिटांत साफ, मग डब्यातला नवा ऑलिव्ह रंग. दांडा कापून टाकायचा, नवा बसवायचा. मेळाव्यात परीक्षक येतात, गुण देतात, बिल्ला मिळतो. मी वर सांगितलेल्या पाच पुराव्यांपैकी जवळजवळ सगळे त्या दहा मिनिटांत गेलेले असतात. उरतो फक्त शिक्का. म्हणजे ‘शिक्का हाच पुरावा’ असं म्हणणाऱ्यांनी बाकीचे साक्षीदार आधी संपवले आणि मग म्हणाले, बघा, दुसरा साक्षीदारच नाही!

फक्त अमेरिकनांना झोडपतोय असं नको. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाणाचं चिन्ह असे. सरकारी माल चोरला तर ओळखू यावा म्हणून ती खूण, आणि ती गैर वापरली तर १८७५च्या कायद्याने शिक्षा. माल सरकारने विकून टाकला की दुसरा बाण पहिल्याच्या टोकाला टोक लावून ठोकत. म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन बाण बघून ‘डबल ओरिजिनल’ म्हणत जास्त पैसे देणारा माणूस खरं तर निकाली काढल्याची पावती विकत घेत असतो. जर्मनांनी उलट केलं. कारखान्याचं नाव शत्रूला कळू नये म्हणून त्यांनी तीन अक्षरी सांकेतिक खुणा ठोकायला सुरुवात केली. फोक्सवॅगनच्या क्यूबेलवागनच्या मडगार्डवर जो बेलचा बसे त्याचंही घराणं आता लोक या तीन अक्षरांवरून काढतात. खूण कशासाठी होती हे न बघता तिची किंमत करणं, हा रोग सगळीकडे सारखाच.

आता उलट बाजूने जे सांगितलं जातं ते प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यातलं काही अगदीच टाकाऊ नाही.

एक: “वस्तू माझी, पैसे माझे, तुझं काय जातं?” कायद्याने बरोबर. पण हीच मंडळी शाळेच्या मुलांना जीपभोवती उभं करून सांगतात की हा इतिहास आहे. इतिहास म्हणून दाखवायचं आणि हिशेब विचारला की खाजगी मालमत्ता म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दोन: “गंज तसाच ठेवला तर बेलचा संपेल.” संपेल, जर दमट गॅरेजमध्ये टाकलात तर. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंडाचा गंज जोर धरतो. त्याखाली ठेवा, सुटा गंज ब्रशने झाडा, पात्याला मेणाचा हात द्या, दांड्याला जवसाचं तेल. पुढची पन्नास वर्षं काही होत नाही. आमची आजी विळीला तेलाचा हात लावून ठेवायची. तिला कुणी रंग देऊन ठेव म्हणालं नाही.

तीन, आणि हा सगळ्यात बरा मुद्दा: “आम्हाला गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी करायची आहे.” ठीक. एखाददुसरी जरूर करा, लोकांना बघायला मिळेल. पण त्यासाठी नवा बनवलेला नकली बेलचा लावा ना! नकला मिळतात, चांगल्या मिळतात. नव्याला जुन्याचं सोंग देण्यासाठी जुन्याला नवा करायची काय गरज?

आणि कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडीत माणूस नव्हता, हेही जरा लक्षात घ्या. बेलच्याची गोष्ट त्यानंतर सुरू होते. ती गोष्ट कुणाची, हे बघायला नॉर्थ ईस्टनला जा. एम्स घराण्याचा बेलच्याचा धंदा १७७४ पासूनचा, आणि या गावात त्यांचं बस्तान बसलं १८०३ मध्ये. या पैशावर घराण्याने मोठं नाव कमावलं. ओक्स एम्स अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला, युनियन पॅसिफिक रेल्वेत शिरला, आणि तिथल्या शेअरवाटपाच्या भानगडीत १८७३ मध्ये काँग्रेसने त्याच्यावर ठपकाही ठेवला. गावात रिचर्डसन या मोठ्या वास्तुविशारदाने बांधलेलं वाचनालय आहे, ओक्स एम्सच्या नावाचं सभागृह आहे. जवळच्या स्टोनहिल कॉलेजने एम्सच्या बेलच्यांचा मोठा संग्रह जपलाय, तो बघण्यासारखा आहे. पण कारखान्यात काम करायला आलेल्या आयरिश लोकांची नावं एकाही पात्यावर नाहीत. तेही आपल्यासारखेच समुद्र ओलांडून आलेले, फक्त व्हिसाच्या जागी त्यांच्यामागे दुष्काळ होता. रेल्वेच्या रुळाखालची माती त्यांच्याच भाऊबंदांनी उपसली. शिक्का मात्र एम्सचा.

युद्धातही तेच. आपल्या आसाममधल्या लेडोपासून बर्मामार्गे चीनच्या कुनमिंगपर्यंत जो रस्ता झाला तो १,०७९ मैलांचा. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ला लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. त्या कामावर सुमारे १५,००० अमेरिकन सैनिक होते, त्यांतले साधारण ६० टक्के कृष्णवर्णीय. सोबत ३५,००० स्थानिक मजूर. सुमारे ११०० अमेरिकन तिथे मेले. तेव्हा अमेरिकन लष्करात काळे आणि गोरे वेगळे ठेवत (ते बंद करण्याचा ट्रुमनचा हुकूम १९४८चा) आणि काळ्यांच्या तुकड्यांना बंदुकीपेक्षा बेलचा जास्त मिळे. रस्त्याला नाव दिलं जनरल स्टिलवेलचं. ज्यांनी चिखल उपसला त्यांच्या हाताची खूण कुठे राहिली असेल तर ती एखाद्या झिजलेल्या मुठीवर आणि तिरक्या पात्यावर. तीच खूण आपण वाळू मारून काढतो आणि त्याला ‘पूर्ववत करणं’ म्हणतो.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना एक सवय आहे. कुठलंही जुनं यंत्र चकचकीत दिसलं की, “बघा, हे लोक कसं जपतात, नाहीतर आपल्याकडे!” असा सुस्कारा सोडायचा. आपल्याकडे वीरगळांना ऑइलपेंट फासतात हे खरंच आहे आणि त्याबद्दल रागावलंच पाहिजे. पण ऑलिव्ह रंगाचा डबा घेऊन उभा असलेला इथला हौशी आणि वीरगळाला निळा रंग देणारा आपल्याकडचा उत्साही कार्यकर्ता यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघांचीही भक्ती खरी आहे. दोघांनीही कोरलेलं बुजवलं. इथल्याचं कॉम्प्रेसर महागाचं, इतकंच.

तर माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही फुकटात होण्यासारख्या. पहिली, नकली बेलचा बनवणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव आणि बनवल्याचं खरं वर्ष उमटवावं. अमेरिकेत १९७३च्या कायद्याने जुन्या नाण्यांच्या नकलेवर ‘कॉपी’ असं लिहिणं सक्तीचं आहे, निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांच्या नकलेवर वर्ष घालावं लागतं. तो कायदा बेलच्याला लागू नाही. कायद्याची वाट कशाला बघायची? मेळाव्यांनी ठरवलं तर उद्यापासून होईल. दुसरी, परीक्षकांनी वर्ष जुळण्याचे गुण बंद करावेत. गुण गेले की खोट्या शिक्क्याचा भाव आपोआप पडेल. तिसरी, जुन्या बेलच्याला वाळू मारण्याआधी निदान दहा फोटो काढावेत, दोन्ही बाजूंचे, मुठीचे, नळीचे, आणि रंगाचा एक पापुद्रा पाकिटात घालून पाकिटावर तारीख लिहावी. खरी तारीख.

एवढं केलंत तर तुमच्या जीपला १९४२चा बेलचा का आहे आणि त्याचं पातं डावीकडे का झिजलंय हे विचारणारा एखादा मुलगा तरी तयार होईल. आता जे मुलगे येतात ते शिक्का वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या गाडीकडे जातात.